निंबखेड्याची हवा उत्तम आहे

१

निंबखेड्याच्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर हवा मोजायचं सरकारी यंत्र होतं. सोमवारी सकाळी गावच्या आशा सेविका वृषाली मुठे शिडी लावून वर चढल्या, यंत्राच्या पेटीचं कुलूप त्यांनी दगडानं फोडलं, झाकण उघडलं, आणि आत टेबल फॅन निघाला.

चालू होता.

यंत्र नव्हतं. खाली चौकात मात्र यंत्राचा आकडा दाखवणारा दिव्यांचा फलक नेहमीसारखा हिरवागार होता : ‘आजची हवा – उत्तम’. म्हणजे यंत्र जागेवर नव्हतं, पण काम करत होतं. सरकारी खात्यात हे सहसा उलट असतं.

फलकाखालच्या पारावर बसलेली माणसं खोकत वर बघत होती. निंबखेड्यात बोलण्याआधी खोकायची पद्धत होती. गावाला लागूनच ‘निर्मळगंध ऑईल’ हा जुनी टायरं जाळून तेल काढायचा कारखाना होता. त्याचं बारसं करणाऱ्याला नाक नसावं. अंगणात वाळत घातलेले उडदाचे पापड संध्याकाळपर्यंत भाजल्यासारखे दिसायचे. वृषालीनं वर्षभर अर्ज केले तेव्हा नवरात्राच्या तोंडावर ते यंत्र आलं, आणि आल्यापासून एकच सांगत होतं : उत्तम. मार्गशीर्षात वृषालीचे सासरे रंगनाथ मुठे दम लागून गेले. त्यांची तिरडी त्याच फलकाखालून गेली. त्या दिवशीही हवा उत्तम होती.

सरपंच श्रीमंत मुठे शिडीच्या तळाशी येऊन उभे राहिले. दोनदा खोकले आणि ओरडले, “उतर खाली! सरकारी मशीन चोरती? वर फॅन ठिवती?”

“भाऊजी, मी आत्ता कुलूप फोडलं. फॅन आधीपास्नं आत हुता.”

“कुणी बघितलं?”

कुणीच बघितलं नव्हतं. वृषाली दगड घेऊन वर जाताना मात्र अख्ख्या चौकानं बघितली होती.

श्रीरामपूरहून हवालदार आले. मंगळवारी दुपारी कारखान्याच्या दुसऱ्या भट्टीसाठी जनसुनावणी होती, मांडव पडला होता, गावात तमाशा नको होता. हवालदार म्हणाले, “सुनावणी उरकली की बाईंना घेऊन जाऊ. तोवर गाव सोडायचं न्हाई.”

“आनि नोकरी?” वृषालीनं विचारलं.

“ती तर गेलीच म्हना,” सरपंच म्हणाले.

२

जिल्ह्यानं चौकशीला साथरोग अधिकारी पाठवल्या. डॉ. अश्विनी साळवे यांचं नाक कोविडमधे बंद पडलं ते पुन्हा चालू झालं नव्हतं. गुलाब आणि गटार त्यांना सारखेच. त्यामुळे धुराच्या, वासाच्या जेवढ्या तक्रारी येत तेवढ्या खातं त्यांच्याकडेच देत असे. बाकीच्यांना त्रास होतो म्हणून.

गावात शिरताना त्यांच्या जीपवर कुणीतरी शेण मारलं. त्यांनी ते निरखून पाहिलं. “म्हशीचं आहे. जनावराला जुलाब होतायत,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या आणि ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या.

पहिला आला शिपाई गहिनीनाथ मुठे. पेटीची एक किल्ली त्याच्याकडे असे, दुसरी सरपंचांकडे, तिसरी यंत्राच्या कंपनीकडे.

“पेटी कधी उघडली होतीस?”

“कदीच न्हाई.” तो मनसोक्त खोकला. “रोज वर जायचो, पेटीला कान लावायचो. गुर्रर्र वाजतंय म्हंजी चालू हाय. खाली यायचो.”

“पंख्याचा आवाज ऐकत होतास तू.”

“गुर्रर्र ते गुर्रर्रच की मॅडम. आवाजावर काय नाव लिवलेलं असतंय?”

“तुझ्या घरात कोण कोण खोकतं?”

“कोन न्हाई खोकत ते इचारा. म्हस बी खोकती.” मग त्यानं जीपवरच्या शेणाकडे पाहिलं आणि जीभ चावली.

दुसरा संदीप, कंपनीचा तंत्रज्ञ. श्रीरामपुरात चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचा. येऊन यंत्र पुसायचं, तपासायचं, हे त्याचं काम.

“शेवटचा कधी आला होतास?”

“बसवलं तेव्हा.”

“आणि नंतर?”

“मॅडम, मोबाईलवर आकडा चांगला येत होता. आकडा चांगला असल्यावर वर कशाला चढायचं?”

“आकडा वाईट असता तर चढला असतास?”

त्यानं विचार केला. “तेव्हा तर मुळीच नसतो चढलो. वर हवा किती वाईट असेल!”

“यंत्र आत्ता कुठून आकडे पाठवतंय?”

“आतमधे सिमकार्ड आहे. कुठंही नेऊन लावा, आकडा येणार. आपण कुठं आहे ते मात्र यंत्र सांगणार नाही. आमच्या साहेबांसारखं. पोलिसांनी पत्र दिलं तर कंपनी शोधून देईल, पण सुनावणी होऊन भट्टी पेटेपर्यंत काही ते होत नाही.”

तिसरे आले निर्मळगंधचे मालक ओमशेठ. राहायला नगरला, कारखाना निंबखेड्यात. ही वाटणी त्यांनी विचार करूनच केली असावी. बसण्याआधी त्यांनी खुर्चीवर रुमाल अंथरला.

“डॉक्टर, तुम्हाला वास येत नाही असं ऐकलं.”

“बरोबर ऐकलंत.”

“मग तर तुमचा अहवाल निःपक्षपाती येणार.” ते हसले, हसण्याचा खोकला झाला, तो लवकर थांबेना. डोळे पुसून म्हणाले, “ही बाई पहिल्यापासून आमच्या मागे लागलीय. यंत्र चांगलं बोलायला लागलं, तर यंत्रच पळवलं. दुसरी भट्टी झाली की गावातल्या पोरांना कामं आहेत. तुम्ही चौकशी करा, चहा घ्या, आणि नगरला परत जा. इथली माणसं चांगली नाहीत.”

“कोणती?”

“तुम्हाला भेटतील ती सगळी.”

डॉक्टर बाहेर आल्या तर जीपच्या चारही चाकांतली हवा सोडलेली होती. फलकावर लिहिलं होतं : उत्तम.

३

जीप उभीच असल्यामुळे त्या चालत सरपंचांच्या घरी गेल्या. गावातलं स्लॅबचं नवं घर, दारं-खिडक्या घट्ट बंद. ओसरीवर गहिनीनाथ आणि आणखी दोघे चहा घेत होते. सगळ्यांना स्टीलचे कप होते. डॉक्टरांसाठी कागदाचा आला.

डॉक्टरांनी कप फिरवून पाहिला. “सोय चांगली आहे. धुवायला नको,” त्या म्हणाल्या.

श्रीमंतराव ओशाळले नाहीत. “कसंय मॅडम, ज्याचं त्याचं असतंय.”

आतल्या खोलीत पलंगावर त्यांच्या आई भामाबाई बसल्या होत्या. वय झालेलं, अंग वाळकं, तोंड मात्र भरात. कोपऱ्यात एक पांढरं खोकं मंद घुरघुरत होतं. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकचा गणपती.

“कूलर का हो हा? थंडीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“आईला उकडतंय,” सरपंच म्हणाले.

भामाबाईंना इतक्यात श्रोता मिळाल्याचा आनंद झाला होता. “बस गं पोरी. कुनाची तू? साळवे? आमच्या राजूरकडच्या पाहुन्यांच्या शेजारी हुते साळवे, लई मायाळू मानसं, त्यांच्या म्हातारीनं मला भाताच्या वड्या शिकवल्या, आमच्याकडं कुठला भात, आमच्याकडं बाजरी, पन मी सासूला करून घातल्या तर सासू म्हन्ली ह्या काय लेकराच्या गोळ्या हायेत का, आनि मग तिनंच ताट पुसून खाल्ल्या, आनि वर दुसऱ्या दिशी इचारती कशी, कालच्या गोळ्या उरल्या का गं—”

गोष्ट बरीच लांबली आणि एका दमात संपली. ओसरीवर तेवढ्यात तिघे आळीपाळीनं खोकून घेत होते.

खोलीच्या टोकाला देवघर होतं, त्यावर पडदा. डॉक्टर उठून तिकडं वळल्या तसे सरपंच आडवे आले. आवाज एकदम वर चढलेला.

“तिकडं न्हाई जायचं! आईचं सोवळं असतंय.”

“माझं?” भामाबाई म्हणाल्या. “माझं रं कसलं सोवळं? मी तर—”

“आई, गोळी घ्यायची झाली तुझी!”

सरपंचांनी डॉक्टरांना दारापर्यंत पोचवलं. दारात दोनदा खोकले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, चाकात हवा भरून मिळंल. हवेची आमच्याकडं कमी न्हाई. पन उद्या सुनावनी झाली की जायचं. परत यायचं न्हाई. रस्ता खराब हाय, गाडी कुठंबी उलटती.”

“धमकी आहे का ही?”

“रस्त्याची म्हाइती दिली.”

४

वृषालीचं घर कारखान्याच्या भिंतीला खेटून होतं. दाराशी एक हवालदार खुर्ची टाकून बसला होता आणि तोंडाला रुमाल बांधून खोकत होता. वृषाली आत पोळ्या करत होती. त्यातल्या दोन तिनं हवालदाराला दिल्या, कारण उपाशी माणसानं आपल्याला पकडून नेलेलं तिला चालणार नव्हतं.

“खरं सांग. कुलूप का फोडलं?” तिच्याकडे आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

“मामंजी गेले तवा शेवटचं काय म्हन्ले ठाव हाय? म्हन्ले, वृषे, यंत्र म्हंतंय हवा चांगली हाय, म्हंजी आपल्याच छातीत खोट असंल.” तिनं पोळी तव्यावर आपटली. “मानूस मेला तो सवताला दोष देत मेला. म्हनून मला त्या यंत्राचं तोंड बघायचं हुतं.”

डॉक्टर तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला. यंत्र आल्यापासूनच्या सगळ्या आकड्यांचा आलेख त्यावर होता. सपाट, हिरवी रेघ. त्या रेघेवर मात्र बारीक बारीक टेकाडं होती. रोज सकाळी एक, रोज दिवेलागणीला एक. उठायचं आणि लगेच बसायचं.

“ह्ये काय?” वृषाली वाकली.

“धूर. थोडासा, ठरल्या वेळी. कारखान्याचा नाही. कारखाना एवढी शिस्त पाळत नाही.”

“सकाळ-संध्याकाळ?” वृषालीनं पिठाचा हात तसाच हवेत धरला. “अवो, ही तर उदबत्ती हाय!”

“यंत्र कुणाच्या तरी देवापुढं ठेवलंय. आता हे बघ. यंत्र आलं त्याच आठवड्यात रेघ जरा वर उचललीय, रात्रंदिवस, आणि मग एकदम खाली.”

“घट बसले हुते तवा. अखंड दिवा. दसऱ्याला उठला. पन मॅडम, घट तर निम्म्या गावात बसत्यात.”

“बसतात. पण मग हे सांग.” डॉक्टरांनी रेघ पुढं सरकवली. “मार्गशीर्षात इथं टेकाडं अचानक बंद. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. काही दिवस नुसती सपाट. मग पुन्हा सुरू. कुणी गावाला गेलं असेल, असं मी धरून चालले होते.”

वृषाली ती सपाट रेघ बघत राहिली. तव्यावरची पोळी जळाली. दोघींपैकी एकीला त्याचा वास आला, पण तिचं लक्ष नव्हतं.

“गावाला न्हाई गेलं कुनी,” ती हळू म्हणाली. “ह्ये सुतक हाय. मामंजी गेले त्या दिवसापास्नं दहाव्यापर्यंत. भाऊकीत कुनी देवाला दिवा लावला न्हाई.”

दारातून हवालदाराची मान आत आली. “म्हंजी यंत्र मुठ्यांच्याच घरात हाय. मुठे म्हंजी तुमी बी आल्या की, ताई.” त्याचा चेहरा उजळला. “बरं झालं मी ऐकलं.”

वृषालीनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला.

“हवालदार बरोबर बोलतायत,” त्या म्हणाल्या, चपला घातल्या, आणि सरपंच मांडवात आहेत याची खात्री करून एकट्याच पुन्हा भामाबाईंच्या घराकडे गेल्या. ओसरीवरूनच त्यांनी आजींना एक विनंती केली. आत पाऊल टाकलं नाही.

५

मंगळवारी दुपारी चौकातला मांडव भरला. मंचावर नगरहून आलेले सुनावणीचे अध्यक्ष, ओमशेठ आणि सरपंच. मंचाच्या वर फलक : ‘आजची हवा – उत्तम’. ओमशेठनी भाषणात चारदा त्याच्याकडं बोट दाखवलं. सरपंचांनी माईक हातात घेऊन गावाच्या वतीनं दुसऱ्या भट्टीचं स्वागत केलं. मागून कुणीतरी “तुज्या घरात घाल भट्टी!” ओरडलं, त्याला शेजाऱ्यांनी खाली बसवलं. कडेला हवालदारांमधे वृषाली उभी होती.

डॉक्टर उठल्या. “मला चोराबद्दल बोलायचंय.”

“धरलाय की चोर,” सरपंच माईकमधूनच म्हणाले.

“यंत्र चोरीला काल गेलंच नाही. नवरात्रापासून ते एका देवघरात आहे.” त्यांनी टेकाडांची, घटांची आणि सुतकाची गोष्ट सांगितली. मांडवात खोकल्यासकट शांतता पसरली. “संदीप चर्चमधे जाणारा, त्याच्या घरी उदबत्ती लागत नाही. ओमशेठच्या नगरच्या बंगल्यात रंगनाथ मुठ्यांचं सुतक कुणी पाळणार नाही. राहिले किल्लीवाले दोन मुठे, आणि कुलूप फोडणाऱ्या वृषालीताई.”

“मंग तिच्याच घरात!” सरपंच ओरडले. “बोलल्या ना तुमीच!”

“तिचं घर कारखान्याच्या भिंतीला आहे. तिथं यंत्र ठेवलं असतं तर तेही खोकलं असतं. गहिनीनाथच्या घरात म्हैससुद्धा खोकते. यंत्र म्हणतंय हवा उत्तम आहे. यंत्र खरं बोलतंय. फक्त ते एका घराबद्दल बोलतंय. मी दोन दिवसांत इथं जेवढ्यांना भेटले ते सगळे खोकले. सरपंच, मालक, पोलीस. एक माणूस सोडून. आणि ते माणूस गावातलं सगळ्यात म्हातारं आहे.”

डॉक्टर सरपंचांकडे वळल्या.

“काल तुम्ही मला देवघरापाशी सोवळं सांगितलंत. कागदाचा कप मी समजू शकते, त्याची सवय आहे. पण तुमच्या घरातलं सोवळं तुमच्या आईलाच ठाऊक नव्हतं.”

“ह्ये सगळं बोलनं झालं!” सरपंच म्हणाले. “पुरावा कुठाय? आनि माज्या दारात पोलीस आनायची कुनाची—”

तेवढ्यात मांडवातलं कुणीतरी “आगं आई गं” म्हणालं आणि वर बोट केलं.

फलकावरची हिरवी अक्षरं गेली होती. पिवळा आकडा आला, तो नारिंगी झाला, मग लाल. गावानं फलकाला लाल होताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. कारखाना सुनावणीपुरता बंद होता. मांडवात कुणी बिडीही ओढत नव्हतं.

श्रीमंतरावांनी खिशातून मोबाईल काढला. डाव्या हातात मोबाईल होता, उजव्या हातात माईक, आणि डोकं यापैकी कशातच नव्हतं. चारही भोंग्यांतून निंबखेड्यानं ऐकलं :

“आई! काय पेटवलंस? धूप? कसला धूप? इझव, इझव आधी! मशीनवर पानी वत— न्हाई, पानी नगं वतू—”

मग त्यांनी मांडवाकडं पाहिलं. मांडव त्यांच्याकडंच बघत होता.

“मी आजींना म्हटलं होतं, गावासाठी दुपारी देवाला चांगला धूप घाला,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांनी मन लावून घातलेला दिसतोय.”

सगळा मांडव उठून सरपंचांच्या घरी गेला, आणि देवघरात यंत्र सापडलं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, हवा आत घ्यायच्या तोंडाशी झेंडूचं फूल. हिरवा दिवा आपोआप लागतो म्हणून भामाबाई रोज त्याला देवांच्या आधी ओवाळत. आणि ते पांढरं खोकं कूलर नव्हतं, हवा गाळायचं यंत्र होतं.

सरपंच उंबऱ्यात बसले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. “आईचा दम बघवत नव्हता मॅडम. ओमशेठ म्हन्ले, ह्ये घ्या आईसाठी, फक्त गच्चीवरचं मशीन त्याच्या शेजारी ठिवा. माजी आई हाय वो.”

“मामंजी बी कुनाचे तरी हुते,” वृषाली म्हणाली. हवालदारानं तिच्याशेजारून सरकून सरपंचांच्या शेजारी जागा घेतली.

ओमशेठ मात्र शांत होते. “डॉक्टर, एक शंका. यंत्र घरात होतं, म्हणजे आकडे खोटे. मान्य. पण मग गावची हवा वाईट आहे हे तरी कुठं सिद्ध झालं?”

“नाही झालं,” डॉक्टर म्हणाल्या आणि गर्दीतल्या संदीपकडं वळल्या. “संदीप, चढ.”

संदीप आणि गहिनीनाथ हळदकुंकवासकट यंत्र गच्चीवर घेऊन गेले. अध्यक्षांच्या हुकमावरून भट्टी रोजच्यासारखी पेटवण्यात आली. फलक लाल झाला, आकडा चढत गेला, आणि मग अक्षरं आली : ‘अत्यंत घा’. पुढचं मावेना. फलक बनवणाऱ्यानं ‘उत्तम’ एवढीच जागा धरली होती. अध्यक्षांनी खोकत खोकत सुनावणी रद्द केली, कारखान्याला टाळं लावायचा आदेश तिथंच सही करून दिला आणि मांडव सुटायच्या आधी गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या.

डॉक्टर निघताना भामाबाईंकडं गेल्या. आजी पलंगावर नव्हत्या. पांढऱ्या खोक्याची वायर ओढून काढून त्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. धूर अजून गावावरून हलला नव्हता. त्यांच्यासमोर वृषाली उभी होती.

“पोरी, रंगनाथ गेला तवा ह्ये खोकं माज्याच घरात चालू हुतं?”

“व्हय, आत्या.”

“आनि मी त्याचं सुतक पाळलं.” म्हातारीनं आतल्या खोलीकडं बोट केलं. “त्ये खोकं उचल. अंगनवाडीत ठिव. लेकरं असत्यात तिथं.”

“आन् तुमी?”

“मी बसती हितंच. गावात बसल्यासारखं.”

वृषालीनं खोकं उचललं, क्रोशाचा रुमाल आणि गणपती आजींच्या मांडीवर ठेवला. डॉक्टर जीपकडं निघाल्या. चाकांत कुणीतरी हवा भरून ठेवली होती.

मागं ओसरीवर भामाबाई खोकल्या. एकदा, मग पुन्हा, मग थांबेनात. पोलिसांच्या गाडीत बसवलेल्या श्रीमंतरावांनी मान वळवून “आई!” अशी हाक मारली. पण चौकात सगळेच खोकत होते, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही.